वह्या वाटून झाल्या, आता आठवीची यादी दाखवा

जून उजाडला की आपल्या वस्त्यांत वह्यावाटप सुरू होते. निकाल लागले की गुणगौरव. रमजानमध्ये रेशन किट, थंडीत ब्लँकेट, अधूनमधून रक्तदान शिबिर आणि मुशायरा. बॅनरवर सदर, नायब सदर, सेक्रेटरी, खजिनदार सगळ्यांचे फोटो. वही घेणारे मूल कुठेतरी कोपऱ्यात. याला आपण कौमची खिदमत म्हणतो. माझा आक्षेप खिदमतीवर नाही. ती कशासाठी चालली आहे हे करणाऱ्यालाच ठाऊक नसते, यावर आहे.

कुठल्याही एज्युकेशनल अँड वेल्फेअर सोसायटीची घटना उघडून बघा. उद्देशांत तालीम, सेहत, रोजगार, महिला सक्षमीकरण, व्यसनमुक्ती, कौमी एकता, सगळे हजर. नोंदणीच्या कागदावर तसे लिहिले जाते, ठीक आहे. (मसुदा बहुधा एकाच वकिलाने सगळ्यांना दिलेला असतो.) पण त्यातले येत्या पाच वर्षांत काय करायचे आणि मुख्य म्हणजे काय करायचे नाही, हे ठरवायला कार्यकारिणी कधी बसते का? बैठका रंगतात त्या स्टेजवर कोण बसणार यावर. हल्ली सीएसआरच्या आशेने काहींनी लेटरहेडवर ‘व्हिजन’ आणि ‘मिशन’ छापून घेतले आहे. त्याने लेटरहेड बदलले, काम नाही.

सच्चर समितीने 2006 मध्ये सांगितले की 6 ते 14 वयोगटातील एक चतुर्थांश मुस्लिम मुले एकतर शाळेत कधी गेलीच नाहीत किंवा मधेच गळाली. हा आकडा आपण प्रत्येक भाषणात वापरला, सरकारला सुनावायला. सुनावलेच पाहिजे. पण आपल्या गल्लीतला आकडा किती, हे किती अंजुमनांनी मोजले?

मी उर्दू आणि मराठी शिकवतो, म्हणून माझ्या रोजच्या पाहण्यातली गोष्ट सांगतो. अनेक गावांत उर्दू शाळा सातवीपर्यंतच आहे. आठवी तालुक्याला. तिथे मुलगा जातो, मुलगी घरी बसते. कारण विचारा, लोक ‘गरिबी’ म्हणतील. जरा खोदून विचारा, म्हणजे कळते की एसटी शाळा सुटल्यानंतर दीड तासाने आहे, आणि तेवढा वेळ स्टँडवर मुलीला बसवायला बाप तयार नाही. आता यात वही काय करणार? राज्यात शाळकरी मुलींना एसटीचा पास मोफत आहे. आठवीपर्यंतची पाठ्यपुस्तके सरकारी आणि अनुदानित शाळांत मोफत मिळतात. अडले आहे ते गाडीच्या वेळेवर. त्यासाठी डेपो मॅनेजरकडे दहा चकरा मारणारा माणूस हवा, किंवा दोन-तीन गावांतल्या मुलींसाठी एखादी रिक्षा आणि सोबत एक जबाबदार बाई. यात उद्घाटन नाही, ट्रॉफी नाही, फोटोही धड येत नाही. म्हणूनच ते होत नाही.

दुसरी जागा भाषेची. दहावीपर्यंत उर्दूतून शिकलेल्या मुलापुढे तलाठ्याची किंवा पोलीस भरतीची प्रश्नपत्रिका मराठीत येते आणि तो प्रश्न समजण्यातच अडकतो. आठवी ते दहावी तीन वर्षे रोज एक तास मराठीचा वर्ग, एवढेच काम एखाद्या संस्थेने धरले तरी पुष्कळ. पण मग मुशायऱ्याला ‘नाही’ म्हणावे लागेल. धोरण म्हणतात ते हेच.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था काढली. खेड्यातल्या गरीब मुलाला शहरात राहायला-जेवायला जागा नाही, ही अडचण त्यांनी हेरली आणि वसतिगृहाला हात घातला. 1924 मध्ये साताऱ्यात सगळ्या जातिधर्मांची मुले एका छताखाली राहू लागली. शाळा-कॉलेजांचा पसारा नंतर वाढला. अडचण नेमकी ओळखली होती, म्हणून तो वाढू शकला.

आता नेहमीचा बचाव. ‘सर, ही सेवा आहे, धंदा नाही. हिशेब अल्लाह बघतो, आमची नियत साफ आहे.’ असेल. नियत तुमच्या आणि अल्लाहच्या मधली बाब आहे. मुलगी आठवीत गेली की नाही, ही मोहल्ल्याची बाब आहे. दुसरा बचाव असा की लोकांचा पैसा पगारावर घालवायचा नाही, काम फुकट झाले पाहिजे. सूरह तौबामध्ये जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत. फकीर आणि मिस्कीन यांच्यानंतर लगेच तिसरे नाव जकातीचे काम पाहणाऱ्यांचे आहे. त्याचे फिकही बारकावे उलेमांनी सांगावेत, प्रत्येक संस्थेला ते लागू होईलच असे नाही. पण काम करणाऱ्याला मोबदला देणे हा गुन्हा असल्यासारखे आपण वागतो, ते कुठून आले? फावल्या वेळात फिरणाऱ्या सेक्रेटरीच्या भरवशावर घरोघरी पाठपुरावा होत नसतो. देणगीदारांनीही वहीवर आपले नाव छापायचा हट्ट सोडावा आणि एका पाठपुरावा करणाऱ्या बाईचा वर्षाचा पगार द्यावा.

येत्या जूनमध्ये वह्यांचे कोटेशन मागवण्याआधी जवळच्या शाळेतून यंदा सातवी पास झालेल्या मुलांची यादी घ्या. नावे तीस असतील, चाळीस असतील. जुलैच्या अखेरीस त्यांतले आठवीच्या वर्गात कोण बसले ते बघा, आणि जे नाही त्यांच्या घरी जा. स्टेजवर वाचायचीच असेल, तर गुणवंतांच्या यादीआधी ही वाचा.