पांढरीचे वय

१/ नेवासे किती जुने? बहुतेकांच्या ओठी एकच उत्तर असते: शके १२१२, म्हणजे इ.स. १२९०. त्या वर्षी तेथे ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. उत्तर वंदनीय आहे, पण ते या प्रश्नाचे नाही. ग्रंथाचे वय हे गावाचे वय नव्हे.

२/ तुलनेसाठी जर्मनीतील ट्रियर पाहावे. मोझेल नदीकाठचे हे प्राचीन कॅथेड्रलचे शहर. तेथील ‘लाल घर’ या इमारतीवर कोरले आहे की, रोमच्या आधी १३०० वर्षे ट्रियर उभे होते. ही दंतकथा. पहिल्या रोमन पुलाच्या लाकडांनी काळ ठरवला तो इ.स.पू. १७ च्या आसपास.

३/ ट्रियरने दंतकथा पुसली नाही, पण तिला इतिहासाच्या पाटावर बसवलेही नाही. १९८४ मध्ये शहराने साजरी केली ती २००० वर्षेच. कॅथेड्रलच्या भिंतींत चौथ्या शतकातील रोमन बांधकाम आजही उभे आहे. ते दाखवल्याने प्रार्थनास्थळाचे पावित्र्य उणावले नाही.

४/ नेवाशाची गत उलटी. पुरावा आहे, अभिमान नाही. १९५४ ते १९५६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने हसमुख सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली प्रवरेकाठी लाडमोड टेकाडावर उत्खनन केले. १९६० च्या अहवालाच्या शीर्षकाचा अर्थच ‘इतिहासाकडून प्रागितिहासाकडे’ असा आहे.

५/ वरच्या थरात मध्ययुगीन वस्ती. तिच्याखाली सातवाहनकाळ आणि भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्यकुंभांची खापरे. त्याखाली इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकातले ताम्रपाषाणयुगीन गाव. नदीच्या गाळथरांत तर अश्मयुगीन हत्यारे. त्यांतील एका परंपरेला अभ्यासकांनी नाव दिले तेच मुळी नेवाशाचे.

६/ त्या ताम्रपाषाणयुगीन गावात दगावलेली मुले दोन मडक्यांची तोंडे जुळवून घराच्या जमिनीखालीच पुरत. एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली, दोऱ्याच्या अवशेषासह. ज्या गावाने लेकरू उंबऱ्याआड जपले, त्याला ‘इतिहासापूर्वीचे’ म्हणून वगळणे हा कोता हिशेब आहे.

७/ यावर आक्षेप ठरलेला: ज्ञानेश्वरीपुढे खापरांची काय मातब्बरी? पण ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी ग्रंथ सांगितला असे परंपरा मानते, त्या पैसच्या खांबावर काय कोरले आहे? करवीरेश्वराच्या दिव्याच्या तेलासाठी दिलेले दान. ते देऊळ उरले नाही, खांब उरला. ज्ञानेश्वरीचे स्मारक हाच मुळात पुरातत्त्वाचा अवशेष आहे.

८/ दुसरी चूक उत्साहींची: ‘साडेतीन हजार वर्षे अखंड नांदते गाव’. टेकाड असे सांगत नाही. ताम्रपाषाणयुगाच्या अखेरीस वस्ती उठली आणि मधली काही शतके जागा ओस राहिली. खंड मान्य करूनही नेवासे थोरच ठरते. खोटे वय केवळ ट्रियरच्या भिंतीवर शोभते.

९/ २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. वाद रंगला तो पंधराव्या शतकाच्या अखेरीस अहमद निजामशहाने वसवलेले नगर आणि अठराव्या शतकातील अहिल्याबाई यांच्याभोवती. दोन्ही बाजूंचा हिशेब पाचशे वर्षांतच संपला. त्याच जिल्ह्यात संगमनेरजवळचे जोर्वे एका संपूर्ण संस्कृतीला नाव देऊन गेले, दायमाबादला तांब्या-काशाची अजोड शिल्पे निघाली. त्यांच्यासाठी कोणी घोषणा दिली नाही.

१०/ गावगाड्याच्या भाषेत शेत ती काळी आणि वस्ती ती पांढरी. राख, शेण, पडलेल्या भिंती यांनी पिढ्यान्‌पिढ्या माती पांढुरकी होते. हीच माती खतासाठी, घरांच्या भिंतींसाठी खणून नेण्याची रीत जुनी आहे. अज्ञानाने उचललेल्या प्रत्येक गाडीभर मातीत एखादे शतक वाहून जाते.

११/ म्हणून नेवाशाच्या फलकावर १२९० च्या खाली आणखी काही ओळी हव्यात. त्या ज्ञानदेवांचे स्थान घेणार नाहीत. त्यांच्या पायाखालची जमीन किती खोल आहे, एवढेच सांगतील. ग्रंथ पुन्हा छापता येतो. उपसलेली पांढरी पुन्हा रचता येत नाही.