जेवणाची घटिका आणि इन्सुलिनची मात्रा



हुंडी आज देय असेल आणि येणे आठ दिवसांनी येणार असेल, तर ताळेबंद चोख असूनही पत जाते, हे पेढीवर बसणाऱ्यास सांगावे लागत नाही. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेही माणसाच्या शरीराचा हिशेबही असाच आहे. किती खाल्ले आणि किती युनिट घेतले, याइतकेच केव्हा खाल्ले आणि केव्हा घेतले यालाही महत्त्व असते.

हा विषय थोड्या घरांचा राहिलेला नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. आपल्या वैभववाडीपासून दूर नसलेल्या गोव्यात प्रौढांमधील प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आढळले.

इन्सुलिनचे प्रकार अनेक आहेत. साधे इन्सुलिन जेवणापूर्वी सुमारे अर्धा तास घेतात. नव्या जलद प्रकाराचा परिणाम दहा-पंधरा मिनिटांतच सुरू होतो, म्हणून ते घेतल्यावर पान वाढलेलेच हवे. पुष्कळांना ३०/७० हे मिश्रण दिलेले असते. त्यातील तीस भाग समोरच्या जेवणासाठी असतात, तर सत्तर भाग सावकाश काम करतात आणि त्यांचा जोर चार ते दहा तासांनी जाणवतो.

आता आपल्या घरांकडे पाहू. कोकणपट्टीत जूनमध्ये सूर्यास्त सातनंतर होतो, डिसेंबरच्या आरंभी तो सहाच्या सुमारास होतो. चौविहार पाळणाऱ्याचे सायंकाळचे जेवण त्यामुळे ऋतूनुसार तासाभराने मागेपुढे सरकते. हिवाळ्यात साडेपाचला जेवून सकाळी नवकारशीनंतर, म्हणजे पावणेआठच्या सुमारास, पहिला घास घेतला तर मध्ये चौदा तासांचे अंतर पडते. सायंकाळी घेतलेल्या मिश्रणाचा सावकाश भाग मात्र ऐन मध्यरात्री जोरावर असतो. इतरांना डॉक्टर निजण्यापूर्वी थोडे खाण्यास सांगतात. चौविहार करणाऱ्याला ती सोय नाही.

दुसरी बाब ताटाची. तिथीला हिरवी भाजी वर्ज्य केली की भात, पोळी आणि डाळ यांचा वाटा वाढतो आणि नेहमीची मात्रा तोकडी पडू शकते. एकासण्याच्या दिवशी उलट घडते. जेवण एकच, पण इन्सुलिन दोन वेळांचे घेतले, तर साखर धोकादायक उतरते. उपवास आहे म्हणून स्वतःच्या मनाने इन्सुलिन पूर्ण बंद करणे हेही तितकेच घातक आहे. विशेषतः ज्यांच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, त्यांच्या रक्तात त्यामुळे आम्ल साचते आणि प्राणावर बेतते.

प्रवासाचेही भान हवे. मालखरेदीसाठी कोल्हापूरला निघताना इन्सुलिन टोचायचे आणि जेवण पुढे कुठेतरी घेऊ म्हणायचे, हा बेत करूळ घाटात वाहतूक अडली की उलटतो. पान समोर येईपर्यंत जेवणाचे इन्सुलिन घेऊ नये.

उपाय साधा आहे. रोजमेळ लिहितो तसा आठवडाभर जेवणाच्या वेळा, पदार्थ, युनिट आणि साखरेचे आकडे लिहावेत. चौविहार, एकासणे, आयंबील, पर्युषणातील संकल्प हे सारे डॉक्टरांना आधी सांगावे. संकोचाने झाकू नये, कारण इन्सुलिनचा प्रकार, वेळ आणि मात्रा तेच बदलून देऊ शकतात. व्रत झेपेल की नाही, हेही त्यांनाच विचारावे.

वेळापत्रक समजावण्याचे काम पुष्कळदा परिचारिकेकडे येते. तिच्या तक्त्यात न्याहारी, दुपारचे जेवण, रात्रीचे जेवण असे रकाने असतात, सूर्यास्ताचा नसतो. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचे वर्ग आता ऑनलाइनही भरतात. आपल्यापैकी एखाद्या जाणत्या मधुमेही गृहस्थाने किंवा भगिनीने अशा वर्गात अर्धा तास आपला दिनक्रम सांगितला, तर तो रकाना हे विद्यार्थी स्वतःच आखून घेतील.

शेवटी सर्वांत नाजूक गोष्ट. घाम, थरथर, धडधड, बोलण्यात गोंधळ ही साखर उतरल्याची चिन्हे आहेत. आकडा ७० च्या खाली असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. माणूस बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालय गाठावे. रात्र आहे, पच्चक्खाण घेतले आहे म्हणून पहाटेची वाट पाहू नये. पच्चक्खाणाच्या सूत्रातच आगार, म्हणजे सवलती, ठेवलेल्या आहेत. त्यातील ‘सव्वसमाहिवत्तियागार’ हा तीव्र आजारात समाधी टिकावी म्हणून औषध घेण्यासाठीच आहे. याविषयी मनात शंका असेल, तर ती महाराजसाहेबांना दिवसाउजेडी विचारून घ्यावी आणि साखरेचा डबा उशाशी ठेवावा.

जय जिनेंद्र.