प्रवासांत तंबू न्यावा काय?

वाशीम जिल्ह्यांतील कारंजें हें श्रीनृसिंहसरस्वतींचें जन्मस्थान. तेथून गाणगापुरास मोटारसायकलीनें जाण्याचा बेत तरुण मंडळी करितात, आणि तंबू न्यावा कीं नाहीं यावरून घरांत वाद माजतो. आडवाटेस यंत्र बिघडल्यास मुलगा रात्रीं कोठें राहील, ही मातेची शंका खोटी नव्हे. परंतु मागें उंच बांधलेला भार पुढचें चाक हलकें करितो व वळणावर गाडी हातांत राहत नाहीं, हें भय अधिक. वाशीम, हिंगोली, नांदेड या वाटेस मुक्कामाचीं गांवें आहेत. क्षेत्रीं भक्तनिवासही आहेत. यास्तव आम्ही म्हणतों, मुक्काम आधीं ठरवावे, दिवेलागणीपूर्वीं गांव गांठावें. सोबत घोंगडी, मेणकापड, विजेरी व पाणी पुरे. एखाद्या रात्रीचें छप्पर अनिश्चित असेल तरच तंबू घ्यावा, व तो बैठकीलगत सखल बांधावा.