तीन पुस्तके आणि एक कबुली

गेल्या पावसाळ्यात पाय मोडल्यामुळे दीड महिना घरी पडून राहावे लागले. कार्यकर्त्याला सलग वाचनाची सवड बहुधा अशीच मिळते. या काळात तीन पुस्तके वाचली : गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०), उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) आणि बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६). यांपैकी एकही पुस्तक नवे नाही. आजवर ती वाचायची राहून गेली, याची खंत मात्र वाटली.

परुळेकरबाईंचा पक्ष आपला नव्हे. पण पक्षभेदाची कुंपणे अशा पुस्तकाला घालू नयेत. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील वारल्यांवर वेठीचा जुलूम होता. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढणारा वारली आयुष्यभर त्याचा लग्नगडी होऊन राबे. १९४५ मध्ये झरीच्या परिषदेनंतर वारल्यांनी वेठ नाकारली. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्यास गोळीबार झाला, पाच वारली हुतात्मा झाले. हा इतिहास आपण व्याख्यानांतून ऐकलेला असतो. मला अधिक भिडले ते दुसरेच. कायद्याची पदवी घेतलेली ही बाई पाड्यापाड्यांतून हिंडते, वारल्यांच्या झोपडीत राहते आणि शिकवण्याआधी त्यांच्याकडून शिकते. आपण मात्र भाषण आटोपून शेवटच्या एस. टी.ने परत फिरतो.

‘धग’मध्ये अशी परिषद नाही, लाल बावटाही नाही. विदर्भातल्या खेड्यात कौतिक नावाची बाई मोलमजुरी करून संसार सावरू पाहते. नवरा आळशी, त्यात त्याला महारोग होतो. एका जुन्या सहकाऱ्याने ही कादंबरी वाचून तक्रार केली, ‘हिच्यात लढा कुठे आहे? नुसता पराभव! आपल्या कामाची नाही.’ मला हे पटत नाही. कौतिक पहिल्या पानापासून लढते आहे. फक्त ती एकटी लढते. तिच्या गावात ना किसान सभा पोहोचली, ना आपण. संघटना आल्यावर माणूस कसा उभा राहतो हे परुळेकरबाई सांगतात. ती न आल्यास खंबीर माणूसही कसा झिजत जातो हे शेळके दाखवतात. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली पाहिजेत. शिवाय कौतिकची वऱ्हाडी बोली आपल्या पत्रकांतील पुस्तकी मराठीला लाजवणारी आहे.

तिसऱ्या पुस्तकाने मात्र मला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. ‘आमुचं’ हा शब्दच बोलका आहे. बेबीताई स्वतःच्या निमित्ताने वीरगावच्या महारवाड्याची कहाणी सांगतात : उपासमार, बाळंतपणाचे हाल, आणि बाबासाहेबांच्या हाकेने आलेली जाग. परंतु सवर्णांना जाब विचारताना त्या घरच्यांनाही सोडत नाहीत. कोवळ्या सुनांचा सासरी झालेला छळ त्या निर्भीडपणे मांडतात. फलटणच्या आपल्या छोट्या दुकानात बसून त्यांनी हे लिहिले आणि कितीतरी वर्षे नवऱ्यापासून लपवून ठेवले. चळवळीने जागवलेल्या बाईलाही वही लपवावी लागते!

येथे माझी कबुली. आमच्या घरी वर्षानुवर्षे बैठका झाल्या. स्त्रीमुक्तीचे ठरावही तेथेच लिहिले गेले. पत्नी चहा आणून देई आणि आत जाई. तिला काय वाटते, हे एकाही बैठकीत विचारल्याचे मला स्मरत नाही. पुस्तक संपल्यावर मी ते तिच्या हाती दिले. चार दिवसांनी तिने परत केले आणि एवढेच म्हणाली, ‘मीही लिहायला हवं होतं.’ माझ्यापाशी उत्तर नव्हते.

अभ्यासवर्गात आपण जाहीरनामे वाचतो, ते वाचलेच पाहिजेत. पण वर्षातून एक वर्ग अशा पुस्तकांसाठी राखून ठेवावा, आणि त्या दिवशी चहा पुरुषांनी करावा. ही सूचना कुणाला किरकोळ वाटेल. आमच्या घरी ती अमलात आली आहे. पत्नीने एक वही आणली आहे, आणि ती उघड्यावर, टेबलावर असते. तिच्यात माझ्याविषयी काय लिहिले जात आहे, ते मी अजून विचारलेले नाही.