पैसे गेले नाहीत, मग तक्रार कसली?

सोयाबीन फुलात आलंय. चक्रीभुंग्याची फवारणी उरकली, त्याचं औषध, प्रमाण आणि खर्च उद्या टाकतो. आज दुसऱ्याच किडीबद्दल लिहायचं आहे आणि जरा रागानंच लिहिणार आहे.

गेल्या आठवड्यात भर दुपारी माझ्या मोबाईलवर पाच मिनिटांत आधारचे तीन ओटीपी आले. मी कुठलाच फॉर्म भरत नव्हतो, पाठीवर पंप होता. लगेच फोन आला. "कृषी विभागातून बोलतोय. पीएम किसानची केवायसी राहिलीय, हप्ता अडकेल. मेसेजमधला नंबर सांगा." त्याला माझं पूर्ण नाव, वडलांचं नाव, गट नंबर आणि खात्याचे शेवटचे चार आकडे माहीत होते. मी म्हटलं, "ऑफिस कुठलं ते सांगा, मीच येतो." फोन कट.

दुसऱ्या दिवशी बँकेत गेलो. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "पैसे गेले का काका? नाही ना? मग कशाला आलात?" तिथून पोलीस ठाण्यात गेलो. तिथं ऐकलं, "मामा, गुन्हा घडलाच नाही तर लिहून काय घेऊ?" आणि दोन्हीकडं एकच सल्ला फुकट मिळाला, सावध राहा.

माझं भांडण या बोलण्याशी आहे.

मक्याच्या कडेला रानडुकराचा माग दिसला आणि कणीस एकही मोडलेलं नसलं, तर आपण "नुकसान नाही" म्हणून घरी जाऊन झोपतो का? त्याच रात्री राखणीला जातो. माग दिसला म्हणजे त्याला वाट सापडली. आज माझ्या शेतात नाही खाल्लं तर उद्या शेजाऱ्याचं खाईल. न मागता आलेला ओटीपी हा तसाच माग आहे. माझा आधार नंबर कुणाच्या तरी हातात आहे, एवढं तो मेसेज सांगतो. त्या फोनवाल्यानं त्या दिवशी एकट्या मलाच फोन केला असेल का? माझ्याकडं त्याचा नंबर होता, वेळ होती, तो काय बोलला ते होतं. हे लिहून घेतलं असतं तर पुढच्या माणसाचे पैसे वाचायला उपयोग झाला असता.

आणि गुन्हा घडलाच नाही हे कुणी ठरवलं? माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ सी आहे. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा त्याची खास ओळख पटवणारी कुठलीही खूण लबाडीनं वापरली तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. त्यात समोरच्याचे पैसे गेलेच पाहिजेत अशी अट नाही. भारतीय न्याय संहितेत कलम ६२ आहे, ते गुन्ह्याच्या प्रयत्नालाही शिक्षा सांगतं. मी दहावी पास माणूस. मला हे वाचून कळतं, तर टेबलामागं बसलेल्यांना का कळू नये?

आता दुसरी गोष्ट. "सावध राहा" म्हणणाऱ्यांनी हे सांगावं, की माझी माहिती त्या माणसाकडं गेली कशी? आपण किती ठिकाणी आधारची झेरॉक्स देतो ते मोजा. पीक विमा, ठिबकचं अनुदान, बियाण्याचा परमिट, सोसायटीचं कर्ज, सिमकार्ड, गॅस. त्यासोबत पासबुकाची झेरॉक्स, सातबारा, कधी कोरा सही केलेला फॉर्म. सेंटरवाला म्हणतो, "काका, व्हॉट्सॲपवर टाका." काम झाल्यावर तो फोटो कुठं जातो? झेरॉक्सचा गठ्ठा कुठं जातो? रद्दीत जातो, दुसरीकडं कुठं जाणार. राखण करायची आम्ही आणि वाडग्याचं फाटक उघडं टाकायचं तुम्ही, हा कुठला न्याय?

आणि ओटीपी दिला नाही म्हणजे सुटलो असंही नाही. गावात छोट्या मशिनवर बोट ठेवून पैसे काढतो ना आपण, त्याला आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा लागतो. खरेदीखतावर आपला अंगठा असतोच. २०१८ साली तेलंगणात एका सिमकार्ड विकणाऱ्याला पकडलं होतं. नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरची खरेदीखतं उतरवून, त्यावरच्या अंगठ्यांचे ठसे रबरावर उठवून त्यानं हजारो सिमकार्डं चालू केली होती. त्या शेतकऱ्यांनी कुणाला ओटीपी सांगितला होता? त्यांनी फक्त जमिनीचा व्यवहार सरकारी कचेरीत रीतसर नोंदवला होता.

कुणी म्हणेल, कागद घेतल्याशिवाय योजना कशी देणार? बरोबर आहे, ओळख पटवावीच लागते. पण आधारचे पहिले आठ आकडे झाकलेली प्रत काढायची सोय आधारवाल्यांनीच दिलेली आहे. ती किती काउंटरवर चालते? पूर्ण आकडे दिसणारीच झेरॉक्स मागतात. मे २०२२ मध्ये त्यांच्या बंगळुरूच्या कार्यालयानं "आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका" असं पत्रक काढलं आणि दोनच दिवसांत ते मागं घेतलं, का तर लोकांचा गैरसमज होईल. झेरॉक्स मागणाऱ्यांना जाब विचारणारं पत्रक मात्र माझ्या तरी पाहण्यात नाही.

ज्यांना वाटतं शेतकऱ्याला मोबाईल कळत नाही म्हणून तो फसतो, त्यांनी हेही ध्यानात घ्यावं. त्या माणसाला माझा गट नंबर माहीत होता म्हणून कुणालाही तो सरकारीच वाटेल. पण सातबारा तर कुणीही बघू शकतो. जे साऱ्या गावाला दिसतं, ते सांगितल्यानं कुणी साहेब होत नाही. हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच समजावून सांगा.

आता कामाचं. असा मेसेज किंवा फोन आला तर एवढं करा.

१. मेसेज पुसू नका. स्क्रीनशॉट, नंबर, तारीख, वेळ ठेवा. आलेल्या लिंकला किंवा फाईलला हात लावू नका.

२. एमआधार ॲपवर किंवा आधारच्या संकेतस्थळावर बायोमेट्रिक लॉक करा. मग अंगठ्यावर कुणाला पैसे काढता येत नाहीत. रेशनला, खताला अंगठा लागला की तेवढ्यापुरतं उघडायचं. अडलं तर १९४७ ला फोन करा. तिथंच मागच्या ६ महिन्यांत तुमचं आधार कधी वापरलं गेलं तेही दिसतं.

३. संचार साथी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते बघा. पैसे गेले नसतील आणि नुसता संशयित फोन असेल, तर त्याची तक्रार करायला तिथंच 'चक्षु' आहे. म्हणजे दिल्लीला कळतंय की प्रयत्नाचीही नोंद हवी, आपल्या ठाण्यालाच कळत नाही.

४. पैसे गेले तर एक मिनिट न घालवता १९३०.

५. बँकेला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. शिक्का मारल्याशिवाय काउंटर सोडू नका. रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक आहे आणि त्याच वर्षी डिसेंबरात सहकारी बँकांसाठीही काढलेलं आहे. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कुणाची आहे, अशा वेळी बँकेचा मेसेज आल्यापासून ३ कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर जबाबदारी शून्य. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायचं ओझं बँकेवर. तक्रार दिल्यानंतर पैसे गेले तर ते बँकेचे. म्हणून ती पोच लाखमोलाची.

६. आपल्या नावावर दुसऱ्यानं कर्ज उचललंय का, ते वर्षातून एकदा सिबिलचा फुकट अहवाल काढून बघा.

मी माझं आधार लॉक केलं. बँकेत परत गेलो, अर्ज दिला, पोच मिळेपर्यंत पाऊण तास उभा राहिलो. ठाण्यात अजून लिहून घेतलेलं नाही, तिथं सोमवारी पुन्हा जाणार आहे.

माझं मागणं मोठं नाही. प्रत्येक बँकेत आणि ठाण्यात अशा प्रयत्नांची एक वही ठेवा आणि आलेल्या माणसाला पोच द्या. पूर्ण आधारची झेरॉक्स मागणाऱ्या काउंटरनं ती कशाला हवी आणि नंतर तिचं काय करणार, हे भिंतीवर लिहून लावावं. गावोगावच्या सेंटरांनी काम झालं की मोबाईलमधले आपले कागद आपल्यासमोर पुसावेत. यासाठी ग्रामसभेत ठराव घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही. आमच्या गावात येत्या ग्रामसभेत मी तो मांडणार आहे. तुमच्या गावात कोण मांडणार, ते खाली नावानिशी लिहा.