वाटण पडायच्या आधी

पावसाळ्यात शनिवार-रविवारी कान्हे फाट्यावरून टाकवे बुद्रुककडे वळणाऱ्या गाड्यांची रांग तुटत नाही. आंदर मावळातले धबधबे बघायला निघालेली मंडळी टपरीवर चहाला थांबतात, एखादं गावठी कुत्रं शेपटी हलवत जवळ येतं आणि क्रीमच्या बिस्किटांचा पुडा फुटतो. एक, दोन, मग आख्खा पुडा. फोटो निघतो, गाडी पुढे जाते. या आठवड्याचा राग त्या पुड्यावर आहे.

हिशेब सोपा आहे. बेताच्या हालचालीच्या, १५ किलो वजनाच्या कुत्र्याला दिवसाला साधारण ८५० कॅलरी लागतात. वरचा खाऊ त्यातल्या दहा टक्क्यांत बसावा, असं पशुवैद्यक सांगतात. साध्या ग्लुकोज बिस्किटांच्या १०० ग्रॅममध्ये साडेचारशेच्या आसपास कॅलरी आणि जवळपास चौथा हिस्सा साखर असते. चार बिस्किटांत दिवसाचा खाऊ संपला! परतीच्या वाटेवर लोणावळ्याचं चॉकलेट फज कुत्र्यापुढे टाकणं तर त्याहून वाईट. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन माणूस झटपट पचवतो, कुत्र्याच्या शरीरात ते तासन्‌तास रेंगाळतं आणि हृदयाची धडधड वाढवतं.

पण सगळा दोष पाहुण्यांच्या माथी मारून चालणार नाही. रविवारी घरोघरी कोंबडी शिजते आणि उरलेला रस्सा भाकरीत कालवून दारातल्या कुत्र्यापुढे जातो. त्या रश्श्यात वाटणाचा कांदा असतो, लसूण असतो. कांद्यामुळे कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कांदा शिजवला, भाजला, तळला तरी हा गुण जात नाही. वजनाच्या किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला की रक्तात बदल दिसू लागतात. रोज थोडा थोडा गेला तरी त्रास होतोच, फक्त तो उशिरा कळतो. कुत्रं मलूल होतं, हिरड्या पांढुरक्या पडतात, आणि घरचे म्हणतात, उन्हाने झालं असेल.

सत्यनारायणाच्या शिऱ्याचंही तेच. द्रोण चाटून पुसून साफ करणारं कुत्रं बघायला गोड वाटतं, पण त्या शिऱ्यात बेदाणे असतात. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. एखाद्याला मूठभर खाऊन काही होत नाही, दुसऱ्याला चार दाण्यांनी सलाइन लागतं. कोणाला किती बाधेल हे आधी ओळखता येत नाही, म्हणून एकही नको. झायलिटॉल घातलेले शुगर-फ्री पदार्थही तसेच. कुत्र्याच्या रक्तातली साखर ते अर्ध्या-एक तासात धोकादायकरीत्या खाली आणतात.

मग भाकरी बंद करायची? मुळीच नाही. भाकरीची बाजू घ्यायलाच हवी, कारण ‘कुत्रा म्हणजे लांडगा, त्याला धान्य चालत नाही’ हे हल्ली फार ऐकू येतं. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१३ साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं, की पिष्ट पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या दारात राहून, त्याचं धान्य खाऊन कुत्र्याचं पोट बदललं. मावळातल्या कुत्र्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तांदळाच्या भाकरीचा चतकोर खाल्ला आणि राखण केली. वडगावच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेला इंद्रायणी तांदूळ मऊ शिजतो, अंगचा चिकट असतो. पोट बिघडलेल्या कुत्र्याला तो उकडलेल्या कोंबडीबरोबर उत्तम. उलट धान्यविरहित महागड्या खाद्याचा हृदयाच्या आजाराशी काही संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला २०१८ मध्ये करावी लागली.

मात्र नुसत्या भाकरीवर किंवा दूध-भातावर कुत्रं पोसलं जात नाही. कॅलिफोर्नियातल्या पशुवैद्यकांनी घरगुती खाण्याच्या २०० पाककृती तपासल्या, तेव्हा १९० पाककृतींत एखादं तरी आवश्यक पोषणद्रव्य कमी निघालं. रोजचं जेवण घरचंच द्यायचं असेल तर पशुवैद्यकाला विचारून कॅल्शियम आणि जीवनसत्त्वांची भर घालावी. तयार खाद्य घेतलं तर पुड्यावर ‘संपूर्ण आणि संतुलित आहार’ असं लिहिलंय का आणि ते पिल्लाचं आहे की मोठ्या कुत्र्याचं, एवढं वाचावं.

खाऊसाठी तर दुकानात जायचीही गरज नाही. कोंबडीला मीठ-मसाला चोळण्याआधी चार बिनहाडाचे तुकडे काढून साध्या पाण्यात उकडावेत आणि बोटाएवढ्या फोडी करून ठेवाव्यात. गाजर, काकडी, उकडलेला लाल भोपळा, बिया काढलेलं सफरचंद, उकडलेल्या अंड्याचा तुकडा, हे सगळं चालतं. शिजलेलं हाड मात्र चघळायलाही देऊ नये; ते उभं चिरतं, टोकदार होतं आणि घशात किंवा आतड्यात रुततं. टपरीवरच्या कुत्र्यासाठी गाडीत उकडलेली दोन अंडी ठेवली, तर पुडा फोडायची वेळच येणार नाही.