गणिताच्या तासाला चिंचोके हवेत

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक),
जिल्हा परिषद, ठाणे



गणेशपुरी आणि आसपासच्या पाड्यांवरच्या जिल्हा परिषद शाळांसाठी या पत्रात एकच मागणी आहे. आठवड्यातले गणिताचे दोन तास खेळ आणि कोडी सोडवण्यासाठी राखून ठेवावेत, आणि ते अभ्यास म्हणूनच धरले जावेत. गणिताच्या साहित्याची पेटी शाळेत पोचली, तरी वेळापत्रकात तिला हक्काची जागा नसेल तर ती कपाटातच राहते.

२०२४ च्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी ३३.७ टक्क्यांनाच हातच्याची दोन अंकी वजाबाकी जमली. यावर सराव वाढवा, हा सल्ला ठरलेला. सराव हवाच, पण मुलाला तो करावासा वाटेल असं काही त्यात असलं पाहिजे. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातल्या डहाणूत १९०५ साली जन्मलेले आणि देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर यांनी ६१७४ या संख्येची गंमत जगाला दाखवली. तिचं तीन अंकी रूप चौथीला सहज पेलतं. सगळे अंक सारखे नसतील अशी संख्या घ्यायची, समजा ३५२. अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची : ५३२ उणे २३५, उत्तर २९७. त्याच रीतीने पुढे ६९३, ५९४ आणि शेवटी ४९५. कुठूनही निघा, मुक्काम ४९५ लाच. चार वजाबाक्या झाल्या, चारही हातच्याच्या, आणि फळ्यावर एकही उदाहरण घालावं लागलं नाही. मधला अंक दर वेळी ९ च का येतो, हे कुणीतरी विचारतंच. एककासाठी घेतलेला हातचा विसरला तर मधे ९ येत नाही, म्हणून ती चूकही मुलाची मुलालाच सापडते. आकडेमोड आणि विचार इथे वेगळे काढताच येत नाहीत.

खेळात वेळ जातो, हाती काही लागत नाही, हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा, कारण त्याला पुरावा आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या दिल्लीतल्या बालवाड्यांच्या अभ्यासात खेळांमुळे मुलांची संख्येची जाण वाढली, वर्षभराने टिकलेलीही दिसली. शाळेतल्या लेखी गणितात मात्र त्याचा लाभ उतरला नाही. पण अमेरिकेत सीग्लर आणि रमाणी यांनी २००८ मध्ये मांडलेले निष्कर्ष याच्याशेजारी ठेवून पाहावेत. गरीब घरांतल्या लहान मुलांचा एक गट एक ते दहा आकड्यांच्या पटावर खेळला, दुसरा तशाच पण नुसत्या रंगांच्या पटावर. दोन आठवड्यांत चारच बैठका झाल्या, आणि प्रगती आकड्यांच्या गटाची झाली. म्हणजे खेळ लिहिलेल्या आकड्यापर्यंत आणि बोलण्यापर्यंत पोचला तरच तो शिकवतो. फोडलेले चार चिंचोके टाकून पट खेळणं इथल्या मुलांना नवं नाही. खेळताना प्रत्येक दान वहीत मांडायचं. मग एकाच चिंचोक्याची पांढरी बाजू वर येण्याच्या तऱ्हा किती (चार), दोघांची येण्याच्या किती (सहा), हे मुलांनी स्वतः लिहून काढायचं. हे लिहिणं वगळलं तर आक्षेप घेणाऱ्यांचंच खरं ठरेल.

पाढे मागे पडतील, ही भीती मला पटत नाही. पाढे पाठ हवेतच, कोडी सोडवताना ते हाताशी लागतात. आणि शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीत न पाहिलेले प्रश्नच तर सोडवायचे असतात. द्विशिक्षकी शाळेत एका शिक्षकाला एकाहून जास्त वर्ग सांभाळावे लागतात, ही अडचण मोठी आहे. पण दुसरीचं मूल दान टाकतं आणि चौथीचं नोंदवतं, तेव्हा एकत्र बसलेले वर्ग उलट कामी येतात. आमच्या भिवंडी तालुक्यात वीटभट्ट्यांवर दिवाळीनंतर येणाऱ्या कुटुंबांची मुलं वर्षाच्या मधेच वर्गात बसतात. मागचा धडा चुकलेल्या या मुलांना पहिल्या दिवसापासून सामील होता येईल, असं गणिताच्या तासात दुसरं फारसं काही नसतं.

शिक्षकांवर आणखी एक नोंदवही लादू नये. दरमहा होणाऱ्या शिक्षण परिषदेत तासभर त्यांनाच हे खेळ खेळू द्यावेत. शेजारच्या वाडा तालुक्यात सोनाळ्याला ‘क्वेस्ट’सारखी शिक्षणात काम करणारी अनुभवी संस्था आहे, तिला बोलवावं. आणि शाळाभेटीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी वहीची भरलेली पानं मोजण्यापेक्षा मुलाला विचारावं, ‘हे तू कसं काढलंस?’ जूनमध्ये शाळा उघडण्याआधी या दोन तासांचा लेखी आदेश निघावा, ही विनंती.

आपला,
गणेशपुरीचा एक रहिवासी